दोनशे बोंडांचं झाड

फ्लेक्स लवकर फाटत नाही. हे तेव्हा माहीत असतं तर मी जरा विचार केला असता, असं आता म्हणायला सोपं आहे. गेल्या उन्हाळ्यात सोनाळ्याकडे एका लग्नाला गेलो होतो. जेवण झाल्यावर हात धुवायला मांडवामागे गेलो, तर तिथे शेळ्यांच्या गोठ्यावर एक जुना फ्लेक्स टाकलेला. उन्हाने रंग उडालेला, कडांना सुतळ्या बांधून ताणलेला, आणि उलटा. मान वाकडी करून पाहिलं, तर माझा दोस्त हसत होता. त्याचं डोकं खाली, पाय वर, आणि शेजारी कपाशीचं झाडही तसंच उलटं. बाजूला चार ओळी होत्या, त्यातल्या जेमतेम दोन वाचता येत होत्या. मला वाचायची गरज नव्हती. त्या मीच लिहिल्या होत्या.

आमचं गाव संग्रामपूर तालुक्यात, सातपुडा रोज दिसेल इतका जवळ. तो आणि मी एकाच वर्गात शिकलो. त्याचं घराणं पिंजाऱ्यांचं. त्याचे अब्बा गाद्या-रजया भरून द्यायचे आणि जोडीला सहा एकर शेती करायचे. पुढे बाजारात तयार गाद्या आल्या, कापूस पिंजायचं धनुष्य माळ्यावर गेलं, आणि घरात शेती तेवढी उरली. पण कापूस त्याच्या बोटांत होता. बोलणं मात्र नव्हतंच. मी शाळेत असल्यापासून बडबड्या, आणि हा असा की मास्तरांनी हजेरी घेताना नाव पुकारलं तरी नुसता हात वर करायचा.

पेरणीआधी निम्मं गाव त्याच्या ओसरीवर यायचं. प्रत्येक जण आपापल्या बियाण्यातून मूठभर दाणे घेऊन यायचा. तो त्यातले शंभर मोजायचा, ओल्या पोत्यात गुंडाळायचा आणि पोतं सावलीत ठेवून रोज सकाळी त्यावर पाणी शिंपडायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी पोतं उलगडायचं, आलेले कोंब बघायचे आणि सांगायचं, "पेर." किंवा, "नको पेरू." बस, एवढंच. कोणी जास्त खोदून विचारलं तर म्हणायचा, "पोतं तुह्यासमोरच हाय ना बे, पाह्य." त्याच्या त्या एका शब्दावर लोक बियाणं परत करून यायचे. दुकानदाराने वाद घातला तर त्याचं नाव सांगायचे, आणि दुकानदार गप्प बसायचा. गावात असा शब्द दुसऱ्या कोणाचाच नव्हता. सरपंचाचा नव्हता, माझा तर मुळीच नव्हता.

आता एका नाटकाबद्दल सांगायला हवं. मी मॅट्रिकला असताना आमच्या गावच्या गणपतीसाठी नाटक लिहिलं होतं. एका राज्यात राजा 'नाही' या शब्दावर बंदी घालतो. शिपाई रोज सकाळी दारोदार फिरून विचारतात, सगळं बरं आहे ना? आणि घरोघरचे लोक म्हणतात, हो. विहीर आटते, तरी हो. रिकाम्या घागरी डोक्यावर घेऊन बाया हळूहळू चालतात, पाणी सांडू नये म्हणून. हे लोकांना फार आवडलं होतं. पोट धरधरून हसले होते. त्या राज्यात एक कुंभार असतो, सगळे त्याला मुका समजत असतात. शेवटी राजा स्वतः त्याच्या दारात येऊन विचारतो, सगळं बरं आहे ना? आणि कुंभार म्हणतो, नाही. तिथे पडदा.

तो कुंभार माझ्या या दोस्ताने केला होता. दुसरं कोण करणार? पूर्ण दोन तास रंगमंचाच्या कोपऱ्यात बैलगाडीचं चाक आडवं टाकून ते फिरवत बसायचं, आणि एक शब्द बोलायचा. तालमीत मी त्याला ओरडायला शिकवलं होतं. छाती भरून, हात वर करून. प्रयोगाला त्याने चाक थांबवलं, राजाकडे पाहिलं आणि दारात आलेल्या शेजाऱ्याला सांगावं तशा आवाजात म्हटलं, "नाही." मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांचं खोकणं थांबलं. टाळ्या पडायलाही थोडा वेळ लागला. मला मात्र राग आला होता. पडद्यामागे मी त्याला विचारलं, "तू ओरडला काऊन नाही बे?"

तो मिशांचं काजळ पुसत म्हणाला, "ओरडून सांगाची गोष्ट नोती ते."

मी शिकून मास्तर झालो आणि नशिबाने आमच्याच गावच्या शाळेत बदली मिळाली. लिहिणं सुटलं नव्हतं. गोष्टी पाठवायचो, त्या साभार परत यायच्या. परत आलेली पाकिटं मी कपाटाच्या खालच्या खणात ठेवायचो. बायको म्हणायची, चूल पेटवायला तरी द्या. हे सगळं सांगतोय ते एवढ्यासाठी, की पुढे जे केलं ते मी पैशासाठी केलं नाही. पैसे मिळालेही नाहीत. छापून येण्याच्या हौसेपायी केलं. ही सबब आहे की त्याहून वाईट काही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग बीटी कपाशी आली. त्या पहिल्या वर्षांचं आता कोणाला सांगितलं तर खोटं वाटेल, इतका आनंद होता. पूर्वी बोंडअळीसाठी आठवड्याला फवारणी करायची, तरी अळी हातावर तुरी देऊन जायची. आता बोंडं साफ. माझ्या दोस्तानेही नवं बियाणं ओल्या पोत्यात घालून पाहिलं आणि म्हणाला, "पेर." पुढच्या सगळ्या गोष्टीत हे विसरायला नको. त्याचा तो शब्द खरा होता आणि त्या वर्षी पीकही खरंच चांगलं आलं.

बियाण्याच्या कंपनीचा एक तरुण साहेब गावात यायचा. गोड बोलायचा, सगळ्यांच्या घरचा चहा प्यायचा. त्याला हवा होता एक आदर्श शेतकरी. चौकशी केली असेल, आणि गावाने एकमुखाने माझ्या दोस्ताचं नाव सांगितलं असेल. ज्याच्या शब्दाला गाव मान देतं, तोच फोटोत हवा, एवढं त्या साहेबाला कळत होतं. माझ्याकडे येऊन तो म्हणाला, "गुरुजी, तुम्ही लेखक आहात म्हणे. त्यांची यशोगाथा तुम्हीच लिहा. बोलीचा गोडवा आम्हाला काय जमणार?"

लेखक. आमच्या गावात मला कोणी तो शब्द लावला नव्हता. मी विरघळलो.

फोटोच्या दिवशी सकाळी आम्ही शेतात गेलो. दोस्त, त्याची बायको, साहेब, फोटोवाला आणि मी. रस्त्याकडेच्या तुकड्यातलं सगळ्यात चांगलं झाड निवडलं. त्याला सत्तर-पंच्याहत्तर बोंडं होती. आमच्याकडे ते उत्तमच झाड म्हणायचं. पण साहेबाने कॅमेऱ्यातून पाहिलं आणि तोंड बारीक केलं. फोटोत भरगच्च दिसत नव्हतं. मग त्यानेच सुचवलं की आजूबाजूच्या झाडांची बोंडं तोडून याला बांधावी. दोस्त माझ्याकडे बघायला लागला.

"हे काऊन बांधून राह्यले बे?"

मी म्हणालो, "नाटक हाय असं समज. एका दिवसाचं."

हे वाक्य मी म्हटलं. साहेबाने नाही. साहेबाने एखाद्या वेळी ऐकूनही घेतलं असतं, दुसरं झाड शोधलं असतं. दारात आलेल्या पाहुण्याला तोंडावर कसं नको म्हणायचं, ही दोस्ताची अडचण होती, आणि मी ती ओळखून होतो. गोधडी शिवायचा पांढरा दोरा भाभींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, घरून आणला. त्यांच्या घरात आपसात हिंदी-उर्दू बोलायचे, माझ्याशीही भाभी तेच बोलायच्या. बोंडं बांधता बांधता त्यांनी मला एवढंच विचारलं, "भैया, फोटो खिंचने के बाद खोल देंगे ना?"

"हो हो," मी म्हणालो. सोडायचं कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. वेचणीच्या वेळी दोस्ताला त्या झाडावर वाळून काळी पडलेली बोंडं दोऱ्याला लोंबकळताना सापडली. त्याने ती सोडून खिशात घातली आणि त्याबद्दल कोणालाच काही बोलला नाही. हे मला भाभींनी पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

यशोगाथा मी एका बैठकीत लिहिली. 'मी'ने लिहिली, म्हणजे त्याच्या तोंडून. 'माझ्या एका झाडाला दोनशे बोंडं आहेत. फवारणीचा पंप मी अडगळीत टाकला. आता रात्री शांत झोप लागते. तुम्हीही हेच पेरा, भावांनो.' त्याला वाचून दाखवली. तो शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाला, "हे मी कवा म्हणलो?"

"म्हणला असता ना. फक्त तू बोलत नाहीस म्हणून."

त्यावर तो काही बोलला नाही, आणि मी तो होकार धरला. आयुष्यभर त्याच्या गप्प बसण्याचा मी मला हवा तो अर्थ लावत आलो. तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नाही. महिनाभरात फ्लेक्स लागले. संग्रामपूरच्या स्टँडवर, बाजारात, कृषी केंद्रांच्या दारावर. मी मुद्दाम एसटीने जाऊन पाहून आलो. लेखकाचं नाव कुठेच नव्हतं, तरी छाती फुगली होती.

त्यानंतर पाहुण्यांच्या गाड्या सुरू झाल्या. कुठकुठल्या तालुक्यांतून, जालन्याकडून, खानदेशातून शेतकरी भरून आणायचे. त्याला शिवारफेरी म्हणायचे. गाड्या यायला लागल्या म्हणून गावाला पक्का रस्ता मिळाला. नळ आला. गावाला गोडी लागली. फेरीच्या आदल्या दिवशी तालीम व्हायची आणि ती मी घ्यायचो. पाहुण्यांनी विचारलं तर काय सांगायचं, हे चौकातल्या चहावाल्यापासून बांधावरच्या मजूर बायांपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. मीच पाठ करून घेतलं होतं. पाढे घोकून घेणारा मास्तर आयताच होता.

एक अडचण होती ती पंपांची. बीटीवर बोंडअळीसाठी नाही, तरी मावा-तुडतुड्यांसाठी फवारणी लागायचीच. पण यशोगाथेत पंप अडगळीत गेला होता. म्हणून फेरीच्या दिवशी गावातले सगळे फवारणी पंप शाळेच्या एका वर्गात ठेवायचे आणि वर्गाला कुलूप. किल्ली माझ्या खिशात. पोरांना मी लिंबाखाली बसवायचो. दुसऱ्या दिवशी वर्ग उघडला की औषधाचा उग्र वास नाकात जायचा. पोरं डोळे चोळत बसायची. एका वर्षी चौथीतली एक पोरगी उलटी होऊन घरी गेली. काय झालं म्हणून तिच्या आईने विचारायला हवं होतं, पण तीही बांधावर उभं राहून पाठ केलेलं सांगणाऱ्या बायांतली एक होती. ती आली आणि पोरीला घेऊन निघून गेली. मला त्या दिवसाची आज फार लाज वाटते.

दुसरी गोष्ट बांधाकडेच्या ओळींची. बियाण्याच्या डब्यासोबत साध्या कपाशीची एक लहान पुडी यायची. ती शेताच्या कडेने पेरायची असा नियम होता. कडेच्या साध्या झाडांवर अळीला खायला मिळालं की ती आतल्या बीटीला सरावत नाही, असं म्हणायचे. बहुतेकांनी त्या पुड्या फेकून दिल्या. माझ्या दोस्ताने मात्र नेमाने पेरल्या. "तिलेही खायाले पाह्यजे ना कुठं," एवढंच त्याचं म्हणणं. पण पाहुणे रस्त्याने यायचे, आणि पहिली दिसायची ती कडेचीच किडलेली झाडं. साहेबाने डोळ्याने खूण केली. आणि त्या ओळी उपटून टाक, असं सांगायला दोस्ताकडे गेलो तो मीच.

हळूहळू असं झालं की फेरी नसतानाही लोक तसंच बोलायला लागले. चौकात बसून कोणी म्हणालं की यंदा बोंडं कमी धरली, तर दुसरा म्हणायचा, "गावाचं नाव खराब करू नको बे." मजा म्हणून सुरू झालेलं कधी अंगवळणी पडलं, सांगता येत नाही. एकदा मी वर्गात फळ्यावर उतारा लिहीत होतो आणि अचानक मला त्या रिकाम्या घागरी घेऊन हळूहळू चालणाऱ्या बाया आठवल्या. खडू हातातच राहिला. मग घंटा झाली आणि मी विषय डोक्यातून काढून टाकला.

यात सगळ्यात जास्त अडकला तो माझा दोस्त. रस्त्याकडेच्या तुकड्यात त्याला ज्वारी पेरायची होती, जमिनीला विसावा म्हणून. गावानेच पेरू दिली नाही. लोक आता त्याच्याकडे मूठभर दाणे घेऊन येत नव्हते. काय पेरायचं ते फ्लेक्सवर लिहिलेलंच होतं. तरी कोणी म्हातारा जुन्या सवयीने आला आणि त्याने सांगितलं, "नको पेरू," तर म्हातारा हसायचा. "तूच तर तिथं पेर म्हणून राह्यला, स्टँडवर." ओसरीत खांबाजवळ पोत्याची जागा तशीच होती, पोतं मात्र कोरडं पडलेलं. कंपनीचे साहेब तीन-चार बदलले. येणारा प्रत्येक साहेब पिशवीतून माझाच तो कागद काढायचा आणि दोस्तापुढे धरायचा, "काका, हे असंच बोलायचं." एका साहेबाला तर तो कागद कोणी लिहिला हेही माहीत नव्हतं. तो मलाच समजावून सांगायला लागला.

मग गुलाबी अळीचं वर्ष आलं. त्या वर्षीच्या फेरीच्या आदल्या दिवशी, दिवे लागायच्या वेळेला, दोस्त माझ्या घरी आला. तो सहसा येत नसे. रुमालात आठ-दहा हिरवी बोंडं बांधून आणली होती. बाहेरून एकदम टवटवीत, छिद्रसुद्धा दिसत नव्हतं. त्याने खुर्चीवर बसायच्या आधीच एक बोंड नखाने उकललं. आत सरकीजवळ गुलाबी अळी. दुसरं उकललं, तिसरं उकललं. सगळ्यांत तेच. माझ्या बायकोने दिवा जवळ धरला.

"सगळ्या शिवारात हाय," तो म्हणाला. "उद्या मी सांगतो."

"पाहुण्यांपुढे?"

"तेच तर सांगाले पाह्यजे. ते घरी जाऊन तेच पेरतीन."

एवढं एका वेळी तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. मी म्हणालो, बघू. बघू म्हणजे काय, ते त्याला समजलं असेल असं आता वाटतं. तरी जाताना तो रुमाल माझ्याच टेबलावर ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी दोन गाड्या आल्या. बांधावर मांडव, सतरंज्या, माइक. माइक माझ्या हातात, कारण सूत्रसंचालन नेहमी मीच करायचो. गावाची मोठी माणसं पुढे बसलेली. साहेबाचे वरचे साहेबही त्या दिवशी आले होते आणि शाळेला नव्या खोल्या द्यायचं बोलून चुकले होते. मी दोस्ताचं कौतुक केलं, टाळ्या झाल्या, माइक त्याच्यापुढे धरला. त्याने सतरंज्यांवर बसलेल्या पाहुण्यांकडे पाहिलं. मग खिशातून एक बोंड काढून म्हणाला, "बोंडात अळी हाय. हे पेरू नका."

ओरडला नाही. अगदी साध्या आवाजात म्हणाला. माइकमुळे सगळ्या शिवारात ऐकू गेलं.

गावाची मोठी माणसं माझ्याकडे बघायला लागली. साहेबाचा चेहरा उतरला. हे सगळं मी एका क्षणात पाहिलं, आणि माइक माझ्याकडे ओढून घेतला. मोठ्याने हसलो. म्हणालो, "मंडळी, आमचे हे दोस्त जुने नाटकवाले बरं का! गावच्या नाटकात यांनीच शेवटी सगळ्यांची विकेट काढली होती. आजही तुमची गंमत करून राह्यले!"

सगळे हसले. जोरात हसले, सुटल्यासारखे. पाहुणे हसले, गाव हसलं, मजूर बायासुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. भाभी तेवढ्या हसल्या नाहीत. दोस्ताने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेबद्दल मी इतक्यांदा लिहायला घेतलं आणि फाडलं आहे, की आता लिहीत नाही. मग त्याने बोंड खिशात परत ठेवलं, माइकजवळ तोंड आणलं आणि सुरू केलं. "माझ्या एका झाडाला दोनशे बोंडं आहेत. फवारणीचा पंप मी अडगळीत टाकला." शेवटच्या 'भावांनो'पर्यंत, एकही शब्द न चुकता. इतका चांगला तो कधीच बोलला नव्हता.

त्या वर्षी कापूस वेचायला गेलेल्या बायांच्या हातात कवडी पडलेली, म्हणजे न उमलता कडक झालेली, किडलेली बोंडं आली. आमच्याच गावात नाही, लांबलांबपर्यंत. लोक चिडले, आणि कोणावर चिडायचं हे कळेना, तेव्हा ते त्याच्या ओसरीवर आले. "तू फोटोत हसत होता ना बे. तूच म्हणला होता ना, पेरा." त्याने बांधावर काय सांगितलं होतं, हे कोणालाच आठवत नव्हतं. मला आठवत होतं. मी तेव्हा त्या गर्दीत मागे उभा होतो. मूग गिळून. एवढं जरी म्हणालो असतो की त्याने सांगितलं होतं, मीच ते हसण्यावारी नेलं. एवढंच म्हणायचं होतं. तो ओसरीच्या खांबाला टेकून सगळ्यांचं ऐकत होता, आणि लोक निघून गेले तेव्हा त्याने पोत्याचा तो जुना तुकडा घडी करून चुलीत घातला.

त्यानंतर आमच्या भेटी झाल्या. गाव एकच, होणारच. तो सलाम घ्यायचा. ईदला शीरखुर्मा माझ्या घरी यायचा, त्यात कधी खंड पडला नाही. तो घेऊन यायचा मात्र त्याचा पुतण्या. दोस्त बियाण्याबद्दल कोणालाच काही सांगत नसे. विचारलं तर आकाशाकडे बोट करायचा. मी निवृत्त झालो, शाळेला ठरल्याप्रमाणे नव्या खोल्या मिळाल्या, आणि जुन्या वर्गातला तो वास, मला वाटतं, अजून गेलेला नाही.

गोठ्यावरचा फ्लेक्स पाहून लग्नावरून परत आलो आणि तसाच त्याच्या घरी गेलो. तो ओसरीत बसून एका जुन्या उशीतला कापूस मोकळा करत होता. बोटांनीच, हळूहळू. गाठी काढून बाजूला ठेवत होता. मी समोर बसलो. काय काय ठरवून गेलो होतो, माफीची वाक्यं वगैरे. त्याच्यापुढे ती सगळी मला माझ्याच यशोगाथेसारखी वाटायला लागली, म्हणून बोललो नाही. फ्लेक्स पाहिला तेवढं सांगितलं. उलटा होता हेही सांगितलं. तो जरासा हसला, असं मला वाटलं.

मग मी विचारलं, "खरं काय झालं ते लिहू का? सगळं. बोंडं बांधली ते, पंप लपवले ते, मी तुला हसलो ते. तुझ्या नावाने. फ्लेक्सवर होतं तसंच, पण खरं."

त्याची बोटं थांबली. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि दारात आलेल्या शेजाऱ्याला सांगावं तशा आवाजात म्हणाला, "नाही."

इतक्या वर्षांनी मी तो आवाज ऐकला. तरी मास्तरची खोड, मी कारण विचारलंच.

"तू लिहिलं का ते तुह्यं होऊन जाते बे," तो म्हणाला. "खरं लिहिलं तरी. आता एवढं तरी माह्यं माह्याजवळ राहू दे."

भाभींनी चहा आणला. आम्ही तो प्यायलो, पावसाबद्दल थोडं बोललो. निघताना त्याने मला उंबऱ्यापर्यंत सोडलं.

आठ दिवस मी काहीच लिहिलं नाही. नवव्या दिवशी वही काढली. त्याचं नाव गाळलं, गावाचं गाळलं, माझंही गाळलं, आणि असं केलं म्हणजे त्याचं ऐकल्यासारखंच आहे, अशी स्वतःची समजूत घातली. बांधलेली बोंडं फोटोनंतर सोडू, अशीच समजूत मी एकदा भाभींची घातली होती. त्याच्या तोंडून 'नाही' हा शब्द मी दोनदा ऐकला. पहिल्यांदा मी लिहून दिला होता म्हणून तो म्हणाला. दुसऱ्यांदा त्याने तो स्वतःहून मला म्हटला, आणि मी हे एवढं सगळं लिहून बसलो.